मुलाखतीची शीव

शीव म्हणजे हद्द. एके काळी मुंबई बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. हल्ली आमच्या शीवची पोरं थेट अमेरिका गाठतात आणि तिथल्या नोकरीच्या मुलाखतीत वेगळ्याच शिवेवर अडतात: नम्रता कुठं संपते नि खोटेपणा कुठं सुरू होतो?

तिकडचे बाकीचे रिवाज सोपे. अर्जात वय, लग्न, वडिलांचं नाव, फोटो नको. धर्म नि वंश बघून नोकरी नाकारायला १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं बंदीच आहे. हात प्रसादाला पुढे केल्यासारखा देऊ नये. बोलताना डोळ्यांत बघावं. (इकडे असं बघितलं की वडीलधारे विचारतात, "डोळे कुणाला दाखवतोस?")

अवघड ते पुढेच. ‘आम्ही केलं’ नाही, ‘मी केलं’ म्हणायचं! जमेची रक्कम दडवली तरी खतावणी खोटीच, हे आम्हां बँकेतल्या कारकुनांना पाठ. तेव्हा केलेलं काम ‘छे हो, विशेष काही नाही’ म्हणून झाकणं हीसुद्धा लबाडीच. पण एकाच्या खाती जमा पडलं, की कुणाच्या तरी नावे पडतंच! म्हणून ‘मी’ खुशाल म्हणावं. फक्त ते शेजारच्या टेबलाच्या नावे टाकलेलं नाही ना, एवढं वही मिटण्यापूर्वी बघावं.