अंतर कोणी ठरविले?

निसरपूर-कुक्षीच्या या मुलखात निमाडी, भिली, माळवी आणि पवारांच्या राज्यापासून येथे रुजलेली मराठी, अशा अनेक बोली कानी पडतात. माणसे इतकी भिन्न आहेत. मग त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद मानावा काय?

या प्रश्नाचा विचार करताना मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे (१९०५–१९७०) यांचे स्मरण होते. बर्लिन येथे त्यांनी मानवी कवट्यांची मोजमापे घेतली. कवटीच्या दोन बाजूंतील फरकावरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसेल, असे त्यांच्या मार्गदर्शकांचे अनुमान होते. बाईंना तसा संबंध आढळला नाही, आणि गुरूंची नाराजी पत्करून त्यांनी तसेच लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असता १९६१ साली त्यांनी हिंदु समाजावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूह, आणि असे अनेक समूह शेजारी-शेजारी नांदून आपला समाज बनला, असे त्यांनी त्यात मांडले. नवे आले म्हणून जुने टाकले नाही, हे आपल्या समाजाचे औदार्यच होय.

परंतु शेजारी नांदणे म्हणजे एकत्र येणे नव्हे. पंढरीच्या वारीत एकच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवावयास वेगळे बसतात, हे पाहून बाई व्यथित झाल्या. त्यांची ती व्यथा आम्हांस फार उशिरा समजली.

आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. लहानपणी एका उत्सवात प्रसाद वाटीत होतो. सर्वांच्या हातावर प्रसाद ठेवला. एका वृद्ध भिल्ल आजोबांच्या ओंजळीत मात्र वरून टाकला. तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते. पाहून पाहून हाताला सवय जडली होती. आजोबा प्रसाद कपाळी लावून निघून गेले. आपली बोली, आपला देव, आपली लग्नरीत त्यांनी स्वतः जपली होती. हे अंतर मात्र त्यांनी मागितले नव्हते, आम्ही ते दिले होते. ज्याने त्याने जपलेले वेगळेपण आदरास पात्र आहे. दुसऱ्यावर लादलेले अंतर हा अधर्म आहे.

२०१९ साली सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुने निसरपूर बुडाले. पाणी सर्वांच्या उंबऱ्यावरून सारखेच चढले. कोयनेच्या धरणग्रस्तांची पाहणी करून इरावतीबाई व जाई निंबकर यांनी ती १९६९ साली प्रसिद्ध केली होती. विस्थापितांचे दुःख बाईंना परके नव्हते. नव्या वसाहतीत घरे पुन्हा उभी राहिली. जुनी अंतरेही तेथे पुन्हा मांडावयाची काय, हे मात्र आपल्या हाती आहे.

येत्या महाप्रसादाच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने पंगतीकडे एकदा निरखून पाहावे आणि शेवटी बसलेल्यास विचारावे, “येथे आपण आपल्या इच्छेने बसलात ना?”