पणजीचा चेहरा कोणाचा?

कोकणात काय, मुंबईत काय, भिंतीवरचा जुना फोटो खराब होतो तो बऱ्याचदा काचेमुळे. कृष्णधवल छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण. आपण ज्याला चित्र म्हणतो ते हे कण. पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं, फुगतं, मऊ पडतं आणि काचेला चिकटून बसतं. बुरशीला ते आयतं खाद्य. कसर तर त्याच्यासकट कागदही खाते. पितृपक्षाच्या तोंडावर कोणीतरी तसबीर पुसायला खाली काढतं, फ्रेम उघडून काच ओढतं, आणि थर काचेबरोबर सोलून निघतो. पणजीचा एक डोळा आणि अर्धा गाल गेलेला असतो, कागदावर तेवढा पांढरा चट्टा उरतो.

पूर्वी अशी तसबीर स्टुडिओत जायची. आता मोबाइलवर टिपून ॲपमध्ये टाकली की काही सेकंदांत पणजी पूर्ण होते. डोळ्यांत चमक, पापण्यांचा केस न् केस वेगळा, त्वचा नितळ. नातवंडं हरखतात. तिला प्रत्यक्ष पाहिलेलं एखादंच माणूस घरात उरलेलं असतं. कपाळावरचं गोंदण कुठे गेलं, गालावर देवीचे व्रण होते ते कुठे गेले, हे तेच माणूस विचारतं. यंत्राने दोन्ही गोष्टी डाग समजून पुसलेल्या असतात.

ओरखडे, घड्या, बुरशीचे ठिपके काढणं हा दुरुस्तीचा एक प्रकार. तिथे शेजारचा भाग पाहून भगदाड बुजवलं जातं. भिंतीच्या जागी भिंत येते, लुगड्याच्या जागी लुगडं. चेहऱ्याचं तसं नाही. टेन्सेंट कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जीएफपीगॅन हे चेहरे दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर खुलं केलं. त्याच्या पोटात चेहरे निर्माण करणारं एक जाळं आहे, आणि ते फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. पणजीचा हरवलेला डोळा तिच्या फोटोतून शोधून काढलेला नसतोच. परक्या माणसांच्या डोळ्यांवरून बांधलेला तो अंदाज असतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचा अगदी धूसर फोटो दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ, रेखीव चेहरा काढून दिला. चित्रात खोट काढायला जागा नव्हती. माणूसच दुसरा होता.

इथे प्रश्न सॉफ्टवेअरच्या हातून निसटतो आणि फार जुन्या वादात जाऊन पडतो: हरपलेल्या गोष्टीच्या जागी दुसरं काय ठेवता येतं, आणि काय ठेवता येत नाही? जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात याची कसून चर्चा आहे. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे भात, मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानभात चालतो, कारण त्यात व्रीहीचेच पुष्कळ अंश आहेत. सोम मिळाला नाही तर पूतीका वनस्पती घ्यायला श्रुतीचीच आज्ञा आहे. पण देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही. द्रव्याचं काम डोळ्यांना दिसतं, त्यामुळे दुसऱ्या द्रव्याने ते झालं की नाही हे ताडून पाहता येतं. देवतेच्या जागी दुसरी देवता घेतली, तर काम झालं की नाही हे तपासायचं साधनच माणसाकडे नाही. ज्याच्यासाठी यज्ञ, त्या यजमानाच्या जागीही दुसरा चालत नाही.

मीमांसकांनी आखलेली ही रेघ फोटोवरही ओढता येते. लुगड्याचा काठ, खुर्चीचा पाय, मागचा रंगवलेला पडदा हे द्रव्य आहे, ते भरावं. चेहरा मात्र ज्याला उद्देशून हात जोडायचे तो आहे, आणि तो बरोबर भरला की चुकला हे ताडून पाहणारं माणूस बहुतेक घरांत आता हयात नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. स्टुडिओवाल्यांनी तरी कुठे सोवळं पाळलं? निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवणं रोजचंच होतं. आयुष्यात कधी एकत्र फोटो न काढलेलं जोडपं अंधारखोलीत शेजारी बसवलं जाई. निधनानंतर काढलेल्या फोटोत मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवले जात. हे सगळं खरं आहे. पण रंगवलेला डोळा रंगवलेला दिसायचा. घरातल्यांना तो कोणी, का आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला हे ठाऊक असायचं, आणि चितारी ‘डोळे घारे होते की काळे?’ एवढं तरी विचारायचा. यंत्र विचारत नाही. त्याने भरलेला भाग आणि उरलेला मूळ भाग यांतला सांधा दिसत नाही, सगळा दोष इथे आहे.

सांधा न दाखवण्याचा हा मोह कुठवर जातो, हे कंबोडियाने पाहिलं. ख्मेर रूजच्या राजवटीत नोम पेन्हमधल्या तुओल स्लेंग तुरुंगात कैद्यांचे आत येताना फोटो काढले जात. त्यांतले बहुतेक मारले गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘व्हाइस’ या माध्यमसंस्थेने एका कलाकाराने रंगवलेले त्यांतले काही फोटो प्रसिद्ध केले, आणि काही कैद्यांच्या चेहऱ्यांवर चक्क स्मित होतं. मूळ फोटोंत ते नव्हतं. मृतांचे नातलग आणि कंबोडियाचं संस्कृती मंत्रालय यांनी निषेध केला, लेख मागे घेतला गेला. मेलेल्या माणसाला आपल्या चेहऱ्यावर हक्क सांगता येत नाही, म्हणून तो हक्क संपत नाही. उलट तो सांभाळायची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर येते.

धर्मशास्त्रही जबाबदारीच्याच बाजूने बोलतं. परदेशी मेलेल्याचा देह हाती लागला नाही तर ३६० पळसाच्या पानांची आकृती करून तिच्यावर संस्कार करतात, त्याला पालाशविधी म्हणतात. ती आकृती कोणासारखीही दिसत नाही आणि दिसावी अशी अपेक्षाही नाही. पानं आहेत हे सगळ्यांना दिसतं, तरीही शोक खरा असतो. श्राद्धात पितरांची नावं ठाऊक नसली तर पित्याला पृथिवीषत्, आजोबांना अंतरिक्षसत्, पणजोबांना दिविषत् म्हणावं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं. नाव आठवत नाही म्हणून विधी अडत नाही, आणि एखादं शोभेलसं नाव रचूनही घेतलं जात नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत इटलीतली भित्तिचित्रं फुटली, तेव्हा रोमच्या मध्यवर्ती जीर्णोद्धार संस्थेचे प्रमुख चेझारे ब्रांदी यांच्यापुढेही गेलेल्या भागाच्या जागी काय भरायचं हाच पेच होता. तिथे निघालेली पद्धत आजही वापरात आहे: गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि जुनं कुठे संपलं ते कळतं.

घरच्या फोटोला हे सहज लागू करता येईल. आधी मूळ फोटो, आहे त्या चट्ट्यांसह, निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफ स्वरूपात जपावा. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करावी. पार्श्वभूमी आणि कपडे भरावेत, डाग काढण्याआधी गोंदण आणि व्रणांची चौकशी थोरल्यांकडे करावी, आणि चेहऱ्याचा गेलेला भाग फिक्या राखाडी रंगात तसाच ठेवावा. तरीही अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीला आईचा चेहरा पुरता पाहायचा असेल, तर तो करून द्यावा, नाकारणं निष्ठुरपणाचं होईल. त्या प्रतीखाली मात्र चेहऱ्याचा कुठला भाग, कोणी आणि कशाने भरला हे लिहावं, आणि श्राद्धाच्या दिवशी पाटावर मूळ फोटोच मांडावा.