बी.ए. करून काय होणार?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : शाखा कोणती? मुलाने ‘आर्ट्स’ म्हटले की क्षणभर सारे गप्प होतात. मग कोणीतरी हळूच विचारतो, ‘गुण कमी पडले का?’ आम्हांलाही हे एकेकाळी विचारले गेले होते.

हा प्रश्न मूर्खपणाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात भाजीच्या टोपल्या विकून फी भरली जाते, त्या घराला पोटाचा विचार करण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान ही भरल्या पोटाची चैन होय, हे त्यामागचे गृहीतक आम्हांला मान्य नाही.

कार्डिनल न्यूमन यांनी 1852 साली डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत ज्ञान हे स्वतःच साध्य असल्याचे प्रतिपादन केले. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सुसंस्कृत सद्गृहस्थ होता. कष्टकऱ्याचे पोर नव्हते. त्या पोरासाठी दार उघडले ते सार्वजनिक विद्यापीठाने, आणि तेही फार सावकाश. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. रानडे आणि भांडारकर हे त्याचे 1862 सालचे पदवीधर. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1912 साली, बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन तेथूनच बी.ए. झाले, पाठीशी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. पुढे 1946 साली त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेही कला आणि विज्ञान शाखांचे. दारिद्र्याची ओळख त्यांना आमच्यापेक्षा कमी नव्हती!

आमचे इतिहासाचे प्राध्यापक एखादा जुना कागद पुढे ठेवून विचारीत : हा कोणी लिहिला? केव्हा? कोणासाठी? आणि यात कोणाचे नाव नाही? परीक्षेत याचे फारसे गुण मिळाले नाहीत. पण पुढे गावच्या ग्रामसभेत जमिनीसंबंधीचा ठराव वाचला जाऊ लागला, तेव्हा तेच प्रश्न आमच्या ओठांवर आले. सगळ्यांची उत्तरे मिळाली नाहीत. ठराव मात्र त्या दिवशी घाईने मंजूर झाला नाही. ठरावाच्या बाजूने आमचे सख्खे चुलते उभे होते. पुढे कित्येक महिने त्यांनी आमच्याशी अबोला धरला. या शिक्षणाची अशीही किंमत असते, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

आज हेच विषय काही खासगी विद्यापीठे वर्षाला लाखो रुपये घेऊन शिकवतात. तेथे जाणाऱ्या मुलांना ‘गुण कमी पडले का’ असे कोणी विचारीत नाही. इकडे सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळतात. ठरावाला प्रश्न विचारण्याची सवय उद्या फक्त धनिकांच्या मुलांनाच लागावी काय? आम्हांला झोप येऊ देत नाही तो हा विचार.

परवा शेजारच्या मुलीने तत्त्वज्ञान घ्यायचे ठरवले. तिचे वडील तणतणतच आमच्याकडे आले. आम्ही त्यांना चहा दिला आणि हे सारे सांगितले. त्यांनी अर्जावर सही केली. उठताना म्हणाले, ‘मास्तर, उद्या ती मलाच उलट प्रश्न विचारू लागली, तर तिला तुमच्याकडे पाठवीन.’