दिलगिरी आणि तौबा

ऑगस्ट २०१८ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ‘डेली टेलिग्राफ’मधील लेखात डेन्मार्कच्या बुरखाबंदीला विरोध केला आणि त्याच लेखात बुरखा घेणाऱ्या स्त्रियांना टपालपेटीची उपमा दिली. पुढे ते पंतप्रधान झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये तनमनजीतसिंग ढेसी यांनी संसदेत त्यांच्याकडे माफीची मागणी केली. ढेसी शीख आहेत, हे विसरू नये. माफी मिळाली नाही. २०२१ मध्ये पक्षीय चौकशीसमोर जॉन्सन यांनी कोणी दुखावले असल्यास दिलगिरी व्यक्त केली आणि आता पंतप्रधान असल्याने तशी भाषा वापरणार नाही, असे सांगितले.

हिला तौबा म्हणावे काय? इमाम नववी यांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत : कृत्य सोडणे, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि अपराध माणसाचा असेल, तर त्याचा हक्क त्याला परत करणे. येथे निश्चयाला पदाची अट आहे आणि दोष बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्याच्या मनावर सरकला आहे. राजकारण्याने माफी मागावीच, असे माझे मत आहे. (टवाळीला मनाई करणारी सूरह हुजुरातची अकरावी आयत मात्र श्रद्धावंतांना उद्देशून आहे; इतरांच्या पूजाविधीवर आपल्या बैठकीत होणारे विनोदही तिच्या कक्षेत येतात.) पण ती माफी चौकशी समितीकडे नव्हे, त्या स्त्रियांकडे मागायची असते. चौथी अट तेथेच अडून आहे.