सुखान्त आणि सत्य

ज्या कथेचा शेवट गोड होणार हे पहिल्याच पानावर ठाऊक असते, तीत वाचण्यासारखे उरते तरी काय, असा प्रश्न आमच्या कचेरीतील एका व्यासंगी वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारला. निमित्त झाले होते समलिंगी प्रेमावरील लोकप्रिय इंग्रजी कादंबऱ्यांचे. विषयाला त्यांची हरकत नव्हती. त्यांची हरकत होती ती गोडव्याला. असे प्रेम करणाऱ्यांच्या वाट्याला जगात पुष्कळदा दुःखच येते हे ठाऊक असताना लेखकाने त्यांना सुखाने नांदताना दाखवावे, ही वाचकाची फसवणूक होय, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप दिसतो तितका केवळ वाङ्मयीन नाही. खोटे सांगून आनंद देणे योग्य की अयोग्य, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न नीतीचा आहे, आणि म्हणूनच त्याचा थोडा सविस्तर विचार करावासा वाटतो.

प्रथम या कादंबऱ्यांत वाचकाला रमवणारे असते तरी काय, ते पाहू. केसी मॅक्विस्टन यांची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' ही २०१९ साली निघालेली कादंबरी घ्या. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी एक स्त्री आहे. तिचा मुलगा अॅलेक्स आणि इंग्लंडच्या राजघराण्यातील धाकटा राजपुत्र हेन्री यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एका शाही विवाहप्रसंगी दोघांची बाचाबाची होऊन ते लग्नाच्या केकसह भुईवर कोसळतात. ही नाचक्की झाकण्यासाठी त्यांना स्नेहाचे सोंग आणावे लागते आणि सोंगाचे यथावकाश प्रेम होते. कथानक म्हणाल तर एवढेच. पण वाचक रमतो तो कथानकात नव्हेच. दोघांच्या शाब्दिक चकमकी, रात्री-अपरात्री लिहिलेली लांबलचक पत्रे, आणि त्या पत्रांच्या शेवटी जुन्या काळातील कुणाकुणाच्या प्रेमपत्रांतून उतरवून धाडलेल्या ओळी, यांत त्याचा जीव गुंततो. आपल्या आधीही कुणी असे प्रेम केले होते याचा शोध ते दोघे घेत असतात आणि वाचकही त्यांच्याबरोबर तो घेतो. मुलाने आपले गुपित सांगितल्यावर ही राष्ट्राध्यक्ष आई चक्क स्लाइड्स तयार करून त्याच्यापुढे त्या विषयाचे रीतसर निवेदन करते! आपणां कचेरीतल्या मंडळींना त्या प्रसंगाची खुमारी इतरांहून थोडी अधिक कळेल.

अॅलिस ओझमन यांची 'हार्टस्टॉपर' ही चित्रकथामाला याहून शांत. ती २०१६ पासून इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढे पुस्तकरूपाने निघाली. इंग्लंडमधील एका शाळेतील चार्ली आणि निक हे दोन मुलगे शेजारी बसतात आणि हळूहळू एकमेकांत गुंततात. त्यात राजवाडा नाही की निवडणूक नाही. हात हातात घ्यावा की न घ्यावा, यावर तेथे कितीतरी चौकटी खर्ची पडतात. शेवटाची धास्ती नसल्यामुळेच वाचक अशा बारीकसारीक गोष्टींपाशी थांबू शकतो. शाकुंतल पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला दुष्यन्त अखेर शकुंतलेला ओळखणार हे ठाऊक नसते काय? पण म्हणून पाचव्या अंकात त्याचे मन हलत नाही, असे कुणी म्हणणार नाही.

शिवाय ज्यांचे स्वतःचे आयुष्य या कथांत आहे, अशा वाचकांचा आनंद आणखी निराळा असतो. परप्रांतातील एखाद्या भल्या मोठ्या सरकारी वसाहतीत नव्याने राहायला गेल्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर 'कुलकर्णी' किंवा 'शिर्के' अशी पाटी दिसली की आपले पाऊल क्षणभर थबकते. त्या गृहस्थांशी आपली ओळख नसते, कदाचित पुढे होणारही नसते. पण तेवढ्या पाटीने ती इमारत आपली होते. पुस्तकात स्वतःसारखे कुणी सुखात असलेले दिसणे हे काहीसे असेच असावे. दाखला अर्थात अपुरा आहे. आपण सुटी काढून गावी जाऊ शकतो. त्यांच्यापैकी कित्येकांना परकेपण गावीच, स्वतःच्या घरात भोगावे लागते.

आता फसवणुकीच्या आक्षेपाकडे वळू. या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की पूर्वीच्या शोकान्त कथा लेखकांनी जग पाहून लिहिल्या आणि आताच्या सुखान्त कथा वाचकाचे मन राखण्यासाठी लिहिल्या जातात. इतिहास पाहता हे गृहीतक टिकत नाही. १९५२ साली अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांची 'स्प्रिंग फायर' ही दोन विद्यार्थिनींच्या प्रेमाची स्वस्त कागदी बांधणीतील कादंबरी व्हिन पॅकर या टोपणनावाने निघाली. शेवट सुखाचा करता येणार नाही, तसा केल्यास टपाल खाते प्रती अडवील, असे संपादकांनी लेखिकेला आधीच बजावले होते. त्यामुळे एका नायिकेची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि दुसरीला आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच असा साक्षात्कार झाला. पुढे लेखिकेला या शेवटाचा इतका संकोच वाटे की तिने कित्येक वर्षे पुस्तकाचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही. ते निघाले २००४ साली.

टपाल खात्याची ही भीती काल्पनिक नव्हती. लॉस एंजलिस येथून निघणाऱ्या 'वन' या मासिकाचा ऑक्टोबर १९५४ चा अंक तेथील पोस्टमास्तरांनी अश्लील म्हणून टपालातून पाठवण्यास नकार दिला. आक्षेपार्ह ठरलेल्या मजकुरात एक लघुकथा होती. तिच्यातील तरुणी चारचौघींसारखे लग्न करण्याची संधी सोडून आपल्या मैत्रिणीबरोबर राहणे पसंत करते, हे अपिलाच्या न्यायालयालाही खटकले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय १९५८ साली फिरवला. म्हणजे मधली तीन-चार वर्षे, कथेतील दोन स्त्रियांनी अखेर एकत्र राहावे की नाही, या प्रश्नाचा निकाल एका पोस्टमास्तरांच्या मेजावर लागला होता! अर्जाच्या नमुन्यात जो रकानाच ठेवलेला नाही, त्याची माहिती गोळा झाली नाही म्हणून ती वस्तू जगात नाही असे अनुमान काढणारे टिपण आपल्यापैकी कुणी वरिष्ठांपुढे ठेवणार नाही. वाङ्मयाच्या बाबतीत मात्र नेमके तेच अनुमान आपण काढत आलो. तो शोकान्त जीवनावरून उचललेला नव्हता. ती प्रसिद्धीची अट होती.

त्याच १९५२ साली पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ही अट मोडली. 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही त्यांची कादंबरीही क्लेअर मॉर्गन या टोपणनावानेच निघाली. दुकानात बाहुल्या विकणारी तरुण थेरेस आणि घटस्फोटाच्या वाटेवर असलेली कॅरल शेवटी एकत्र येतात. तो शेवट स्वस्तातला नाही. कॅरलच्या पतीने मागे लावलेल्या गुप्तहेराच्या पुराव्यामुळे तिला आपल्या लहान मुलीचा ताबा गमवावा लागतो. तरीही पुढच्या वर्षी स्वस्त आवृत्ती निघाल्यावर क्लेअर मॉर्गनच्या नावे महिनोन्महिने वाचकांची पत्रे येत राहिली आणि त्यांत शेवटाबद्दलची कृतज्ञता असे. लेखिकेने या पुस्तकावर स्वतःचे नाव घातले ते १९९० साली. (या दोन्ही लेखिका पुढे काही काळ एकत्र राहिल्या, ही गोष्ट कुणा कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते.)

पण या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केलेला लेखक आपल्या अधिक परिचयाचा आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले होते. माळव्यातील त्या मराठी दरबारातील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे त्यांनी केलेले वर्णन पुष्कळांनी वाचले असेल. 'मॉरिस' ही कादंबरी तेव्हा त्यांनी लिहून सात वर्षे झाली होती आणि ती मोजक्या मित्रांखेरीज कुणाला दाखवलेली नव्हती. लंडनच्या शेअरबाजारातील मॉरिस आणि एका जमीनदाराच्या पदरी असलेला शिकाररक्षक अॅलेक यांची ती कथा. अर्जेंटिनाला जाणारे जहाज अॅलेक मुद्दाम चुकवतो आणि दोघे कायमचे एकत्र राहतात. सुखाचा शेवट आपल्याला अनिवार्य वाटला, एरवी आपण लिहिण्याचे कष्टच घेतले नसते, असे फॉर्स्टर यांनी १९६० साली जोडलेल्या टिपणात सांगितले आहे. नायकाला फासावर लटकवले असते किंवा दोघांना जीव द्यायला लावले असते तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असेही त्यांनी तेथे नमूद केले. लिटन स्ट्रेची या मित्राने हस्तलिखित वाचून या जोडप्याचा संसार दीडएक महिना टिकेल असे भाकीत केले होते. फॉर्स्टर यांनी शेवट बदलला नाही. १९७० साली ते वारले आणि १९७१ साली पुस्तक निघाले.

स्ट्रेचीचा टोमणा आणि आमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप एकाच जातीचे आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर मला भरताचा आधार घ्यावासा वाटतो. प्रियजनाच्या वियोगाने ढाळलेले अश्रू करुणातही असतात आणि विप्रलंभ शृंगारातही. मग दोहोंत भेद कोणता? नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे: करुण निरपेक्ष असतो, तेथे पुन्हा भेटीची आशा उरलेली नसते, विप्रलंभ सापेक्ष असतो, त्यात उत्कंठेबरोबर आशा जागी असते. म्हणजे दुःखाचे परिमाण सारखे असूनही केवळ आशेच्या असण्या-नसण्याने रस पालटतो. टपाल खात्याने आणि संपादकांनी केले ते हेच. त्यांनी या प्रेमकथांतील दुःख निर्माण केले नाही, ते जगात होतेच. त्यांनी त्यातील अपेक्षा काढून घेतली आणि शृंगाराचा करुण करून टाकला. आजच्या कादंबऱ्या वाचकाला ती अपेक्षा परत देतात. सुखी शेवट हे अमुक दोघांचे पुढे काय झाले याविषयीचे विधान नसते. या प्रेमाला आशा बाळगण्याचा अधिकार आहे, एवढेच तो सांगतो. आणि हे सांगणे खोटे आहे असे मला वाटत नाही.

याचा अर्थ सर्व कादंबऱ्या चांगल्या आहेत असा नव्हे. पुष्कळ एकाच साच्यातल्या असतात. राजपुत्राच्या अडचणी सोडवायला सल्लागारांचा ताफा असतो. भाड्याच्या खोलीचा मालक उद्या घर खाली करायला सांगेल ही चिंता त्याला नसते. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी जो गुळगुळीतपणाचा आरोप केला, तो येथेही लागू पडेल. पण तो लेखनाचा दोष आहे. गोड शेवटाच्या माथी तो मारणे न्यायाचे नाही.

या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. त्याचे एक कारण मला आपल्या भाषेतच सापडते. मराठी संसारकथेत ती त्याला 'अहो' म्हणते, तो तिला 'अगं' म्हणतो आणि कोण कुठे बसणार हे त्या एका संबोधनातच ठरून जाते. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया प्रेमात पडल्या की ही वाटणी आयती मिळत नाही. ती दर प्रकरणात नव्याने करावी लागते. मॉरिसला 'सर' म्हणणाऱ्या अॅलेकने त्याला नावाने हाक मारावी, यासाठी फॉर्स्टर यांनाही खटपट करावी लागली. वर्गाची भिंत होती, स्त्री-पुरुषाची नव्हती. वाचकाला ही खटपटच आवडते, असा माझा तर्क आहे.

मराठीत या विषयावर थोर लेखन झाले, पण ते या जातीचे नव्हे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात मित्रा अखेर आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून निघून जातो. या कृतींत काही बदलावे असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या शेजारच्या जागा रिकाम्या आहेत, एवढेच म्हणायचे आहे.

आपल्या देशात त्या जागा भरणाऱ्या लेखकाला कायद्याचाही विचार करावा लागेल. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील कलम ३७७ चे सावट दूर केले; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्याच न्यायालयाने विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये वित्त मंत्रालयाने, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांस नॉमिनी नेमण्यास आडकाठी नाही, असा खुलासा केला. इंग्रजी कादंबरीत शेवटच्या पानावर चुंबन असते. आपल्याकडे तूर्त नॉमिनीचा रकाना आहे. आपण नोकरदार माणसे त्याला क्षुल्लक समजणार नाही. संसार म्हणजे काय, हे कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या नमुन्यावर आणि आरोग्य योजनेच्या कार्डावर जेवढे स्पष्ट लिहिलेले असते तेवढे काव्यात नसते. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील तर त्यांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, असे सरकारचे धोरण आहे. एखाद्या मराठी लेखकाने अशी एक प्रेमकथा लिहावी, की जीत एकजण पुण्यास आहे आणि दुसऱ्याची बदली गुवाहाटीला झाली आहे. दोघे एकमेकांना 'अरे' म्हणतात, आणि शेवट गोड आहे. त्या गुवाहाटीच्या गृहस्थाने बदलीच्या अर्जात 'कारण' या रकान्यात काय लिहिले, हे वाचायला मला फार आवडेल.