यजमान कोण?

मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली. मराठी भावगीताचा आरंभ अनेकजण तिथूनच मोजतात. त्याच नावाचा कवितासंग्रह निघाला तो थेट १९५४ मध्ये. मधली वीसेक वर्षं ही कविता महाराष्ट्रभर फिरली ती दुसऱ्याच्या गळ्यातून. जोशींनी ती निवडली, तिला चाल दिली, ती गायली. गाणं त्यांच्या नावावर जमा झालं यात गैर काहीच नाही. पण पुढे आयुष्यभर मेहकरात वकिली करत कविता लिहिणारा हा माणूस स्वतःच्या गाण्यात पाहुणा ठरला, हे मला सलतं.

आपल्याकडे गाण्याचा यजमान म्हणजे गायक, हे जवळजवळ ठरलेलंच. बाकी सगळे साथीला. पेटीवाला कितीही मोठा असो, पत्रिकेत त्याचं नाव 'साथसंगत' या शब्दाखाली, लहान टाइपात. याला उलटं करून दाखवणारं एक काम मला हेवी मेटलमध्ये सापडलं. टोनी आयोमी हा 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक. २००० साली त्याने स्वतःच्या आडनावाचा अल्बम काढला. दहा गाणी, आणि प्रत्येक गाण्याला वेगळा आवाज: हेन्री रोलिन्स, डेव्ह ग्रोल, स्किन, सर्ज टँकियन, बिली कॉर्गन, बिली आयडल. जुना सोबती ऑझी ऑस्बोर्नही त्यातच. आयोमी स्वतः एक ओळही गात नाही. तरी मुखपृष्ठावर नाव त्याचं, आणि ते शोभतं.

का शोभतं, हे कळायला त्याच्या बोटांकडे पाहावं लागतं. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. त्याने साबणाच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, ती घासून बोटांच्या मापाची केली, वर चामडं चिकटवलं. त्या टोपणांतून तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून दाब कानाने ओळखायचा. जाड तारा झेपेनात म्हणून हलक्या घेतल्या; पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तार सैल पडली, बोटाला सोपी गेली आणि नाद खोल, जड झाला. हेवी मेटलचा जो भार आपण ऐकतो, त्याचा मोठा हिस्सा या दुखऱ्या बोटांनी शोधलेल्या वाटेतून आला. असा नाद गळा बदलल्याने बदलत नाही. दहा जणांनी दहा तऱ्हांनी गायलं तरी खालून चालणारा हात एकाचाच राहतो.

स्वतःच्या नावाचा अल्बम त्याला सहज मिळाला नाही. १९८६ चा 'सेव्हन्थ स्टार' हाही खरं तर त्याचा एकट्याचा अल्बम व्हायचा होता, आणि तेव्हाही बेत अनेक गायकांचाच होता. पण कंपनीच्या आग्रहाने तो 'ब्लॅक सॅबथ'च्या नावावर निघाला. बाजाराला ओळखीचं नाव लागतं, आणि ते बहुधा गाणाऱ्याचं किंवा बँडचं असतं. मधे चौदा वर्षं गेली.

२००० च्या त्या अल्बममधली सगळीच गाणी सारखी उतरलेली नाहीत. ऑझी आला, जोडीला ड्रमवर सॅबथचाच बिल वॉर्डही आला, आणि ते गाणं लगेच 'सॅबथ' वाटू लागलं. ऐकायला ते गोड आहे, पण पाहुणाच घराचा मालक होऊन बसतो. मला स्किनचं गाणं जास्त मोलाचं वाटतं. एका कृष्णवर्णीय बाईचा धारदार आवाज त्या जड तारांवर चढतो आणि दोघांपैकी कोणीही नमतं घेत नाही. असं घडतं तेव्हा बोलावणाऱ्याची निवड दिसते, आणि निवड हीसुद्धा निर्मितीच आहे. मुंबईच्या मेटल संगीतकार साहिल मखिजाने 'डेमनस्टीलर' या नावाने नेमका उलटा मार्ग धरला: गळा आणि गिटार स्वतःकडे ठेवून ड्रमर पाहुणे बोलावले.

यजमान एक आणि गळे अनेक, हे आपल्याला अगदीच परकं नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं 'गीतरामायण' आधी अनेक गळ्यांचं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक. यजमान होते गदिमा आणि सुधीर फडके. पुढे फडके छप्पन्नही गाणी एकटेच गाऊ लागले आणि त्यांचा आवाज इतका पक्का बसला की ती पहिली आवाजांची मांदियाळी बहुतेकांच्या स्मरणातून गेली. गावच्या भजनात मात्र ती रीत अजून टिकून आहे. पेटीवाला आणि पखवाजी जागचे हलत नाहीत. एकाचा अभंग संपला की दुसरा उचलतो, मग तिसरा. त्या रात्रीचा रंग पेटीवाल्याच्या हाती असतो हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी त्याच्या नावाची तबकडी निघत नाही.

म्हणून मला वाटतं, ना. घं.च्या कवितांचा एक अल्बम व्हावा, आणि त्यावर नाव त्यांचं एकट्याचं असावं. 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला ते ठीकच, पण पुरस्काराने कविता कानापर्यंत पोचत नाही. 'कंचनीचा महाल' हे त्यांचं दीर्घकाव्य तर मेहकरच्याच पडक्या वास्तूवरचं. ते मेहकरकरांच्याच आवाजात ऐकायला हवं. एक कविता भजनी मंडळातल्या बाईला द्यावी, एक शाहिराला, एक गिटारवर मेटल वाजवणाऱ्या कॉलेजातल्या पोराला. चाली एकाने बांधू नयेत. कोणती कविता कोणाच्या गळ्याला द्यायची, यावर मात्र खूप वाद व्हावा, आणि तो घालायला मी आनंदाने मेहकरला येईन.