हुकूम न चालणारा राजा

स्ट्रॅटेजी गेममध्ये सेनापती म्हणवून घेणाऱ्याच्या हाती खरे तर कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या असतात. शिपायावर क्लिक करायचे, नकाशावर दुसरे क्लिक करायचे, की तो मुकाट्याने मरायला निघतो. २००० साली सायबरलोअर स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने काढलेल्या ‘मॅजेस्टी’ने या दोऱ्याच कापल्या. खेळणारा इथे आर्डानिया नावाच्या काल्पनिक राज्याचा राजा असतो. तो गिल्ड बांधतो, तिजोरीतले सोने खर्चून योद्धे, रेंजर, जादूगार, भामटे पदरी ठेवतो. पण एकदा भरती झाली की त्यांच्यावर त्याचा हुकूम चालत नाही. राक्षसाची गुहा उद्ध्वस्त करायची असेल, तर तिच्यावर निशाण रोवून इनामाची रक्कम लावायची आणि कोणी जाते का याची वाट पाहायची.

त्या काळात रोल-प्लेइंगचे घटक म्हणजे आकडे, अशी समजूत पक्की होत होती. २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ने लेव्हल चढणारे वीर स्ट्रॅटेजी गेममध्ये लोकप्रिय केले, पण तिथला वीर कितीही बलाढ्य झाला तरी सांगकाम्याच राहतो. लेव्हल ‘मॅजेस्टी’तही आहेत. मात्र पात्राला पात्रपण येते ते त्याच्या मर्जीमुळे, ताकदीच्या आकड्यामुळे नव्हे, हे या दुर्लक्षित गेमने दाखवले. रेंजरला अनोळखी मुलूख धुंडाळण्याची हौस, म्हणून तो शोधाच्या निशाणाकडे आपणहून वळतो. भामट्याला पैशाचा वास आधी येतो. नवखा जादूगार इतका नाजूक, की एखाददुसऱ्या फटक्यात संपावा. जगलाच तर पुढे तोच राज्याचा आधार होतो. बक्षिसाचे सोनेही त्यांच्या खिशात पडून राहत नाही. ते बाजारात औषधाच्या कुप्यांवर आणि लोहाराकडे शस्त्रांवर खर्च होते, तिथून कराच्या रूपाने राजाकडे परतते. तेही कर वसूल करणारा बापडा वाटेत मारला गेला नाही तर! शहर वाढले की गटारांची तोंडे उघडतात आणि त्यांतून उंदीर निघतात. एल्फ लोकांना आसरा दिला, तर व्यापार वाढतो आणि जुगाराचे अड्डेही आपोआप उगवतात. धोरणाबरोबर माणसे येतात आणि माणसांबरोबर त्यांच्या खोडी. एवढे राज्यशास्त्र फार थोड्या गेममध्ये सापडेल.

यावरचा पहिला आक्षेप वैतागाचा आहे: राजवाडा धोक्यात असताना एखादा वीर निवांत खरेदीला निघतो, याला स्वभाव म्हणायचे की प्रोग्रॅममधला कच्चेपणा? कधीकधी कच्चेपणाच, हे मान्य करायला हवे. पण प्रत्येक जातकुळीच्या वागण्याला एक सातत्य आहे, आणि ते ओळखून कोणते गिल्ड कुठे बांधायचे हे ठरवणे यातच खेळाचे कौशल्य आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. इनाम हा पैशाच्या वेषातला हुकूमच नाही का? रक्कम वाढवली की कोणीतरी येणारच. येणार खरे, पण कोण येईल हे राजाच्या हाती नाही, आणि आलेला अर्ध्यातून पळणार नाही याची हमी कुठल्याही रकमेत नाही. सोन्याने लक्ष विकत घेता येते. धैर्य ज्याचे त्याला आणावे लागते. थेट हस्तक्षेपाची मुभा गेममध्ये अगदीच नाही असे नाही. राजा सोने मोजून मंत्र टाकू शकतो, वीज पाडू शकतो. मला ही निर्मात्यांनी दिलेली सवलत वाटते, पण ती फुकट दिलेली नाही, यात त्यांचा विचार शाबूत राहतो.

२००९ च्या ‘मॅजेस्टी २’ने निशाणांत भर घातली. त्यांतले एक भीतीचे आहे, वीरांना एखाद्या जागेपासून लांब ठेवण्यासाठी. ‘तिकडे जाऊ नकोस’ एवढे सांगायलाही राजाला निशाणच रोवावे लागते.